अकरा टँकर आणि एक नाव

सकाळचे साडेआठ वाजले तरी गुरुपादप्पा शेटच्या तेल मिलच्या आवारात अकरा टँकर रिकामेच उभे होते, आणि कॉम्प्युटरच्या खोलीत रेवणसिद्ध घामाघूम होऊन बसला होता. खोलीला एसी होता, तरीही.

लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती; धड पाऊस होऊन दोन. तेल मिलला गाळायला करडई उरली नव्हती, म्हणून शेटनी मिलच्या गाड्यांवर टाक्या बसवून गावोगाव पाणी पोचवायचं काम घेतलं होतं. कुठल्या गावाची पाळी, कुठल्या विहिरीवर टँकर भरायचा, हे सगळं सहा महिन्यांपासून कॉम्प्युटर ठरवायचा. कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढा, हैदराबादहून आणलेला. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की हा फार मोठा नाही, फार छोटाही नाही, धंद्यासाठी मधल्या अंगाचा आहे. शेटना वस्तू मधल्या अंगाचीच आवडायची, त्यांनी घेऊन टाकला.

त्याचा साहेब रेवणसिद्ध. वय सव्वीस, हैदराबादला सहा आठवडे शिकून आलेला. त्यानं दोन गोष्टींचा ध्यास घेतला होता: सगळं आपोआप झालं पाहिजे, आणि सगळं कडेकोट बंद असलं पाहिजे. पहाटे सहाला यंत्र आपणहून टँकरच्या चिठ्ठ्या छापायचं. खोलीत चप्पल न्यायची नाही, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, आणि तो तीनदा चुकला की त्या माणसाचं नाव यंत्र कायमचं बंद करणार, असा बंदोबस्त होता.

यात पुरते रिकामे झाले ते शंकरप्पा मुनीम. तीस वर्षं मिलच्या चिठ्ठ्या त्यांच्या हातच्या होत्या. आता विहिरीवरचा माणूस छापील चिठ्ठीशिवाय टँकर भरूच देत नसे. मुनीमकाका दिवसभर गादीवर सुपारी कातरत बसायचे आणि शेटच्या हाका तेवढ्या झेलायचे.

"शंकरप्पा!" शेट आत्ताही ओरडले. "टँकर का हालंनात?"

"मला काय इचारता?" मुनीमकाका म्हणाले. "आपोआप हालतेत म्हणं आजकाल."

झालं होतं असं, की पहाटे लाईट गेली. लाईट आल्यावर यंत्र उठलं, पण त्यातलं आपोआप चालणारं काम सुरू करायला कुणीतरी एकदा आपलं नाव आणि पासवर्ड देऊन आत शिरावं लागायचं. म्हणजे आपोआपलाही माणूस लागत होता. रेवणसिद्धानं आदल्या संध्याकाळीच, स्वतःच्या नियमाप्रमाणे, आपला पासवर्ड बदलला होता. कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही असा अवघड ठेवला होता. सकाळी तो त्यालाही आठवेना. त्यानं तीनदा प्रयत्न केला आणि यंत्रानं त्याला, नियमाप्रमाणे, बाहेर काढलं.

आत शिरू शकणारं दुसरं माणूस एकच, ऑपरेटर महानंदा. ती चार दिवसांच्या रजेवर सासरी, बिलोलीला गेली होती. नवरा तिथल्या शाळेत मास्तर. लग्नाला वर्ष झालेलं, पण नोकरी लातूरला असल्यामुळं संसार शनिवार-रविवारचाच.

"तिच्या नावानं बघ की," शेट म्हणाले. "पोरीबाळी सोताचं नावच ठेवतेत."

रेवणसिद्धानं 'महानंदा' टाकून पाहिलं. चुकलं.

"टेबलावर माहूरच्या रेणुकेचा फोटो हाय तिच्या. रेणुका टाक."

तेही चुकलं. आता तिच्या नावावर एकच संधी उरली होती. रेवणसिद्धानं कीबोर्डवरून हात उचलून मांडीखाली घेतले.

शेट खुर्चीत बसले आणि आवाज न चढवता बोलले. ते आवाज न चढवता बोलले की मिलमधली माणसं घाबरायची. "हे बघ रेवणसिद्धा. अकरा गावांतल्या बाया हांडे घिऊन उन्हात उभ्या असतील. धा वाजेपतुर टँकर हालले न्हाईत तर ह्या खोलीला टाळं लावतो, अन् तूबी हैदराबादचा रस्ता धर. शंकरप्पा! बिलोलीला अर्जंट ट्रंक कॉल लाव!"

मुनीमकाकांनी कॉल लावला. महानंदाच्या सासऱ्यांचं किराणा दुकान होतं आणि फोन तिथंच होता. नऊ वाजून वीस मिनिटांनी लाईन मिळाली, पण इतकी मंद, की इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं एक्स्चेंजमधल्या बाईंनाच सांगावं लागत होतं.

"महानंदाबाई, तुमचा पासवर्ड सांगा!" रेवणसिद्ध ओरडला.

"पासवर्ड सांगा म्हणतेत," बाईंनी पुढं ढकललं. थोडी खरखर झाली. "न्हाई सांगता येत म्हणतेत."

रेवणसिद्धाला क्षणभर अभिमानच वाटला. देव समोर उभा राहिला तरी पासवर्ड सांगायचा नाही, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. "त्यांना म्हणावं, आजच्या दिवस नियम माफ. मीच सांगून राहिलो."

"नियमाचं न्हाई म्हणतेत. सासू, सासरे अन् मालक, तिघंबी समोर बसलेत म्हणतेत."

"मग त्यांना जरा भायेर बसवा!"

"दुकान त्यांचंच हाय साहेब."

शेटनी फोन हिसकावून घेतला. "पोरी, नोकरीची काळजी करू नगं! माझ्या कानात सांगतीस असं समज!"

पुन्हा खरखर. "रडायला आल्या बगा त्या," बाई म्हणाल्या. "मशिनीत रोज लिवते, पर तोंडानं एकदाबी घेतलं न्हाई म्हणतेत." मग बाई जरा थांबल्या, आणि खुदकन हसल्या. "पयले बोलत होते त्या साहेबाला द्या फोन. साहेब, तुमचं लग्न झालंय का?"

"न्हाई अजून. का?"

"तरीच! अहो, मालकाचं नाव हाय ते! सासू-सासऱ्यापुढं कसं घेतील?" आणि लगेच दुसऱ्या बाजूला, "बाई, उखाण्यात घ्या. उखाण्यात चालतंय की. घ्या, मी हाय."

बिलोलीकडून एका वयस्कर बाईचा आवाज अस्पष्ट ऐकू आला, "आता गं बया, घे की!" ती सासू असावी. आणि मग त्या सकाळी पहिल्यांदाच लाईन स्वच्छ झाली. महानंदाचा आवाज, लाजून अर्धा झालेला, थेट लातूरला आला:

"नळ पडले कोरडे, हिरीचा आटला झरा,
शंकरप्पांच्या नावानं मशीन चालू करा."

"तीन मिनिटं झाली," बाई म्हणाल्या. "पर असू द्या, जादाचे पैसे न्हाई लावत," आणि त्यांनी लाईन तोडली.

शेट, रेवणसिद्ध आणि दारात गोळा झालेले ड्रायव्हर, सगळ्यांच्या माना हळूहळू गादीकडं वळल्या.

"मी काय केलं?" मुनीमकाकांनी अडकित्ता खाली ठेवला.

रेवणसिद्धानं देवाचं नाव घेतलं आणि मुनीमकाकांचं टाइप केलं. पडदा उजळला. शेजारच्या छपाईयंत्रानं कर्र करून कागद ओढला आणि चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पडू लागल्या. दहाला पाच मिनिटं कमी असताना अकरावा टँकर फाटकाबाहेर पडला. रेवणसिद्धाला इतकं हायसं वाटलं की त्यानं मुनीमकाकांना वाकून नमस्कारच केला.

शेट पोट धरून हसत होते. "आरं, दिवसातून चाळीसदा मीच वरडतो की ते! गल्लीतल्या शेंबड्या पोराला ठावं हाय ह्यो पासवर्ड!"

ते खरंच होतं. त्या आवारात तो शब्द तोंडातून कधी न काढणारं माणूस एकच, महानंदा. ती त्यांना पहिल्या दिवसापासून मुनीमकाकाच म्हणायची. तिच्या नवऱ्याचंही नाव तेच होतं ना. तोंडानं घेता न येणारं ते नाव रोज सकाळी बोटांनी लिहायचं, पडद्यावर ते दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, आणि ते लिहिल्याबरोबर दार उघडतं, हे तिला फार आवडायचं. शनिवारपर्यंतचा आठवडा तिला त्यानंच जरा सोपा जायचा.

सोमवारी ती आली ती मान खाली घालूनच. रेवणसिद्ध तिला काही बोलला नाही. त्यानं तिला पासवर्ड बदलायला लावला आणि एक नवा नियम केला: अडीअडचणीला तिसरं माणूस पाहिजे, आणि ते माणूस मुनीमकाका.

"मला काय कळतंय त्यातलं?" असं मुनीमकाका म्हणाले खरे, पण धुतलेला सदरा घालून आले. चपला दाराबाहेर काढल्या आणि खुर्चीत ताठ बसले.

"काका, असं नाव ठेवा," महानंदानं समजावलं, "जे तुमच्या तोंडून कधी चुकूनबी निघणार न्हाई."

मुनीमकाकांनी बराच वेळ विचार केला. मग सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, काहीतरी बडवलं. बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"काय ठेवलं, शंकरप्पा?" शेटनी डोळा मिचकावला.

"न्हाई सांगता येत," मुनीमकाका म्हणाले आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा हसले. रेवणसिद्धाला धन्य वाटलं. आता कुठं व्यवस्था कडेकोट झाली होती.

ती दुपारी एकपर्यंत टिकली. एक वाजता मुनीमकाकांचा डबा घेऊन त्यांची मंडळी आली आणि नेहमीसारखी दारात उभी राहिली. मुनीमकाका गेली पस्तीस वर्षं तिला 'ऐकलं का' म्हणत होते. शेटना तसली अडचण नव्हती.

"या या, गुरम्मावहिनी!" ते खुर्चीतूनच गरजले.

मुनीमकाका गादीवरून तीरासारखे उठले. "शेट! हळू! पासवर्ड हाय त्यो!"

मुनीमकाका जागच्या जागी थिजले. रेवणसिद्धानं कपाळावर हात मारला आणि पासवर्ड पुन्हा बदलायला आत गेला.

"काय झालं, बाई?" गुरम्मानं महानंदाला विचारलं. "काय वरडून राहिले हे?"

महानंदानं तिला बाजूला घेऊन कानात सगळं सांगितलं. गुरम्मानं पदर तोंडाला लावला, डबा उंबऱ्यावर ठेवला आणि भराभरा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, सण नव्हता, वार नव्हता, तरी मुनीमकाकांच्या डब्यात तुपात भिजलेल्या शेंगापोळ्या निघाल्या.