कापलेली सात मिनिटं

शौकतभाई सिनेमाच्या डबीला खाकी कव्हर घालतात. शाळेच्या वहीला घालतात तसं, कोपरे नीट दुमडून. बारामतीत त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती तेव्हापासूनची ही खोड. लायब्ररी गेली, आता त्याच गाळ्यात ते मिक्सर आणि टीव्ही दुरुस्त करतात. पण मागच्या फळीवर खुनाचे जुने इंग्रजी सिनेमे अजून ओळीनं उभे आहेत, सगळेच्या सगळे खाकी. शेजारी माझं पिको-फॉलचं दुकान. एकदा सहज कारण विचारलं, तर त्यांनी एक नवी डबी माझ्यापुढं आपटली.

"हे बघा सुमनताई. मागं कुणाचा फोटू छापलाय? खुन्याचा. हातात सुरा घिऊन. मग मानसानं दोन तास काय बघायचं? पाव्हनं पंगतीला बसायच्या आधी बडीशेप वाटायची तऱ्हा ही."

कंपनीला त्यांनी याबद्दल पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही, म्हणून मग उत्तर न देण्याबद्दल वेगळं पत्र लिहिलं.

लायब्ररीच्या काळात एका कंपाउंडरनं रांगेतल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला खुनी कोण ते सांगून टाकलं होतं. शौकतभाईंनी तिथल्या तिथं त्याचं कार्ड फाडलं. पुढं कधीतरी शौकतभाई तापानं फणफणले, तर जवळचा दवाखाना सोडून लांबच्या दवाखान्यात चालत गेले, कारण जवळच्या दवाखान्यात सुई टोचायला तोच माणूस होता.

आणि अशा या माणसाला एका सिनेमाचा शेवट तीस वर्षं ठाऊक नव्हता.

सिनेमा असा, की बंगल्यात एक श्रीमंत म्हातारी मरते. संशय दोघांवर, डॉक्टरवर आणि भाचीवर. शेवटाला गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, आणि नेमकी तिथंच व्हीसीआरनं कॅसेट खाल्ली. चुरगळलेली टेप शौकतभाईंनी बायकोच्या कात्रीनं कापली, टोकं चिकटपट्टीनं जोडली. सात मिनिटं गेली. तेव्हापासून त्या कॅसेटमध्ये गुप्तहेर घसा खाकरतो, आणि लगेच सगळे गाडीत बसून निघून जातात.

त्या दिवशी शेजारी बसले होते तुकारामतात्या, शौकतभाईंचे शाळेपासूनचे दोस्त. कळस गावात त्यांची पेरूची बाग आहे. माल व्यापारी बांधावरूनच उचलतो, त्यामुळं तात्यांना बारामतीत काडीचं काम नसतं. तरी दर गुरुवारी ते एस.टी.नं येतात, स्टुलावर बसतात आणि भांडतात.

"डाक्टरनं हातमोजा उलटा घातला हुता. का घातला?" हे शौकतभाई.

"आन् भाची येवढी रडली, रुमाल कोरडाच. त्येचं काय?" हे तात्या.

एकची गाडी येईपर्यंत हेच. माझ्या गिऱ्हाइकांना साडीच्या फॉलपेक्षा त्या भाचीची जास्त माहिती आहे. मी मोबाईलवर शेवट शोधून देते म्हटलं, तर शौकतभाई अंगावर आले. म्हणे खुनी सिनेमातच कळला पाहिजे.

मध्यंतरी तो सिनेमा नव्यानं डिस्कवर निघाल्याचं मला कळलं. पूर्ण, काहीही न कापता. मी हौसेनं मागवला आणि मंगळवारी शौकतभाईंच्या हातात ठेवला. आभार राहिले बाजूला.

"कुनी सांगितलं हुतं तुमाला? आन् त्या कंपनीला तरी? तीस वर्सं झोपली हुती, आताच बरी जाग आली."

होम करता हात भाजतात ते असे. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पण आमच्या मध्ये फळ्यांची भिंत आहे. बुधवारी दुपारी पलीकडून सिनेमा ऐकू आला. गुप्तहेरानं घसा खाकरला, आणि या वेळी तो बराच वेळ बोलत राहिला.

गुरुवारी तात्या आले. मी कान टवकारले.

"डिस्क आली हुती," शौकतभाई म्हणाले, "पर खराब निघाली. शेवटालाच अडकती."

"मग भाचीच," तात्या म्हणाले, आणि एक वाजेपर्यंत जुंपली.

तात्या जाताच मी पलीकडं गेले. "खोटं का बोललात? डिस्क चांगली आहे. मी ऐकली."

ते स्क्रू पिळत राहिले. मग म्हणाले, "डाक्टरच निघाला."

"म्हणजे तुम्ही जिंकलात की! सांगा ना त्यांना."

"सांगून काय करू? त्यो म्हनंल, बरं झालं, मिटलं. मग गुरवारी कशाला यील? ही गेल्यापासून मला हितं बोलायला दुसरं कोन हाय, ताई?"

आयुष्यात कुठल्याही भांडणात माघार न घेतलेला माणूस, आणि जिंकल्यावर गप्प बसला होता.

पुढच्या गुरुवारी मला दोरे आणायचे होते, म्हणून तात्यांबरोबर स्टँडपर्यंत चालले. वाटेतही त्यांचं भाचीपुराण चालूच. शेवटी माझा तोल सुटला. "तात्या, एवढं ठासून बोलू नका. शेवट आता सगळ्यांना मिळतो. उद्या कुणी सांगितला म्हणजे?"

तात्या थांबले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "नातसुनंनं कवाच दाखिवला मोबाईलवर. चार वर्सं झाली. डाक्टरच हाय."

"मग दर गुरुवारी भाची कशाला?"

"मी हरलो म्हनलो तर भांडान सपलं. मग शौकतनं दिसभर मिक्सरसंगं बोलायचं व्हय? तुमी काय बोलू नगा त्येला."

आणि ते गाडीत चढले.

मला दोघांचाही असा संताप आला की दोरे आणायचे राहूनच गेले. डोळे पुसत दुकानाशी आले, तर शौकतभाई दारातच उभे.

"गेला का त्यो? लई हट्टी मानूस. पुढल्या गुरवारी बघतोच त्येच्याकडं."

"बघाच," मी म्हणाले, आणि मशीनवर जाऊन बसले.