जनुकाकांची पाण्याची बाटली

जनुकाका चौकशीला कोणाच्या घरी गेले की स्वतःचं पाणी घेऊन जातात. घरची बाई तांब्या घेऊन आली की हात जोडतात आणि आपल्या स्टीलच्या बाटलीतले दोन घोट घेतात. "आधी नख लावू दे," म्हणतात, "पाण्याचं मग बघू."

काकांची डहाणूजवळ आगर गावात चिकूची वाडी आहे. चिकू उतरवण्याआधी सालीला नख लावून बघतात. आत हिरवं दिसलं तर फळ झाडावरच ठेवायचं, पिवळट दिसलं तर काढायचं. हीच रीत काकांनी सरकारी नेमणुकांना लावली आहे. डहाणू-तलासरीत सरकारने कोणाला कुठल्या समितीवर किंवा मंडळावर नेमलं, की काका त्याच्या ओट्यावर हजर. नाव कोणी सुचवलं? या कामातलं काय कळतं? यात तुमचा धंदा कुठे येतो? सायवनचे एक सदस्य वैतागले. "काका, पण तुम्हाला कोणी नेमलंय?"

"कोणीच नाही," काका म्हणाले. "म्हणून तर विचारता येतं. बराबर?"

लोक हसतात, पण उत्तरं देतात. जो देत नाही त्याच्याविषयी काका बाजारात एवढंच सांगतात, "नख लावू दिलं नाही." तेवढं पुरतं.

हे सगळं मी दुकानात बसून मजेत ऐकायचो. मग मागच्या वर्षी माझीच पाळी आली. सरकारी दवाखान्यात रुग्णांच्या सोयी बघणारी समिती असते, तिच्यावर मला नेमलं. त्याच दवाखान्यासमोर माझं औषधांचं दुकान आहे. बायकोने, मालतीने, आळीभर पेढे वाटले. संध्याकाळी काका आले, बाटलीसकट.

"अरुण, नाव कोणी सुचवलं?"

"मेव्हण्याने. त्याची वर ओळख आहे."

"बरं. डॉक्टरांनी बाहेरचं औषध लिहून दिलं, तर जाब कोण विचारणार?"

"समिती. म्हणजे मी."

"आणि ते औषध विकणार कोण?"

मी मालतीकडे बघितलं. ती पेढ्यांच्या खोक्याकडे बघत होती.

"मीच," मी म्हणालो.

काकांनी बाटलीचं झाकण लावलं. "हिरवं आहे रे," म्हणाले आणि गेले.

हे मला आधी सुचलंच नव्हतं, असं लिहिणार होतो. पण सुचलं होतं. पेढा खाताना सुचलं होतं, आणि तरी मी दुसरा घेतला. पुढचे काही दिवस दुकानात चिठ्ठी घेऊन कोणी आलं, की मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. शेवटी मी नेमणूक नाकारली. मेव्हणा अजून बोलत नाही. मालती म्हणाली, "आता पेढे परत मागत फिरू का?"

दोन दिवसांनी काका पुन्हा आले. हात मोकळे.

"मालती, चहा टाक."

"काका, बाटली?" मी विचारलं.

"आता तू कोणीच नाहीस. चालतं." त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "काकू गेल्यापासून घरी चहा मीच करतो. आणि गावात बघ ना, जो तो कशावर तरी आहे."

त्यांचा एकुलता एक मुलगा, प्रकाश, तलासरीला असतो. त्यालाही सरकारने कुठल्याशा मंडळावर घेतलं आहे. काका दर रविवारी त्याच्याकडे जातात, हे मला ठाऊक होतं.

"प्रकाशला नख लावलंत?"

"सगळ्यात आधी त्यालाच." काकांनी कप खाली ठेवला. "पोरगा चांगला आहे. पण त्या खुर्चीवर तो नको होता. सांगितलं त्याला. सोडत नाही."

"मग तिथे जाता ते..."

"बाटली घेऊन. ओट्यावर बसतो, नातीशी बोलतो, येतो."

मालतीने न विचारता त्यांचा कप पुन्हा भरला. काकांनी तो नाकाजवळ नेला.

"सून गवती चहा घालते," ते म्हणाले. "ओट्यापर्यंत वास येतो."