बिरादारसरांचं उरलेलं वाक्य

लातूरच्या आमच्या डाळमिलच्या ऑफिसात बिरादारसर वर्षभर बिझनेस इंग्लिश शिकवतायत; पण त्यांचं दिवसाचं शेवटचं वाक्य कुणीच पूर्ण ऐकलेलं नाही. पावणेपाच झाले की वाक्य जिथं असेल तिथं टाकून हा माणूस स्कूटरला किक मारतो. "उरलेलं उद्या!" एवढं जिन्यातून ऐकू येतं.

सर खुर्चीत बसत नाहीत. टेबलाभोवती फेऱ्या, हातात किल्ल्या, डोळे घड्याळावर. जर-तरचं एक अवघड वाक्य त्यांचं फार लाडकं. जर कालचं, तर आजचं. सर त्याला खिचडी म्हणतात. परदेशी गिऱ्हाइकाला लिहायचं, "तुम्ही ऑर्डर वेळेवर दिली असती, तर माल आत्ता तुमच्या गोदामात असता." चहावाल्या मामूंनाही तेच, फक्त मराठीत. "मामू, सकाळी दूध झाकलं असतं, तर आता मी हा काळा चहा पेत नसतो!" मामू कपाळाला हात लावतात.

एक खिचडी मात्र रोज अर्धीच राहायची. "तेव्हा मी दुबईची नोकरी धरली असती, तर आज..." आणि पावणेपाच. पुढचं आम्ही भरायचो: बंगला, मोठी गाडी. बिचारे हळहळतात, असंच वाटायचं.

गेल्या सोमवारी दुबईच्या व्यापाऱ्याशी साडेपाच वाजता व्हिडिओवर बोलणं ठरलं. साहेबांनी बजावलं, सर शेजारी नसतील तर उद्यापासून शिकवणी बंद. पावणेपाचला किल्ल्या वाजल्या आणि सर गायब! माझं डोकंच फिरलं. मोटारसायकल काढून मी त्यांच्या मागोमाग घर गाठलं.

फाटकात सरांच्या पत्नी, आमच्या काकू, उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले, हातात पाण्याचा तांब्या.

"आलात की वेळेवर," त्या सरांना म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "हे पाव्हणं कोण?"

दिवाळीला त्यांनीच मला आग्रहानं वाढलं होतं.

"समदं इसरली बाबा," सर हळूच म्हणाले. "लेकीचं नाव बी. पाचला मी येतो, तेवढंच ध्यानात हाय. उशीर झाला की मला हुडकत रस्त्यावर जाते."

मला माझ्या रागाची लाज वाटली. साहेबांना फोन लावून शेजारी मीच बसतो म्हणालो आणि गाडी वळवली.

"थांबा," सरांनी हाक मारली. "उरलेलं ऐकून जा. तेव्हा मी दुबईला गेलो असतो, तर आज ही कुणाची वाट बघत उभी असती?"