पुरेसा क्षीण विवाह

जो नक्की परत जाणार आहे त्यालाच आत घ्यावं, हे तत्त्व कोणत्याही सुसंस्कृत देशाला शोभणारंच आहे. पाहुण्यांच्या बाबतीत आपणही तेच पाहतो. (देश ते लेखी मागतो, आपण चहा संपला की घड्याळाकडे बघतो.)

या तत्त्वाची अलीकडे एका कवळ्या बनवणाऱ्या बाईंच्या बाबतीत चोख अंमलबजावणी झाली. बाई दातांच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काम करतात. नवरा परदेशी नागरिक, स्वतःच्या देशात ट्राम चालवतो. लग्नाला दोन वर्षं झाली. त्यातले एकत्र गेलेले दिवस त्रेचाळीस. नवऱ्याच्याच शहरात सिरॅमिकचे दात घडवण्याचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे आणि बाईंना तिथे जागा मिळाली होती. पहिल्या तारखेला हजर झालं नाही, तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती.

वकिलातीत दोन खिडक्या आहेत. पत्नी म्हणून जायचं तर खिडकी क्रमांक चार. तिथे प्रेम सिद्ध करायचं आणि सव्वीस महिने थांबायचं. (खरं प्रेम थांबतं, खोटं निघून जातं, म्हणजे उशीर हीच तपासणी.) विद्यार्थिनी म्हणून जायचं तर खिडकी क्रमांक सात. तिथे सहा आठवडे लागतात आणि एवढंच सिद्ध करायचं असतं, की शिक्षण संपताच आपण मायदेशी परतू.

चारवर बाईंचा अर्ज आधीपासून होताच. फोटो तीनशे बारा, संदेशांची पानं आठशे, शिवाय नवऱ्याचं एक पत्र. आता त्या सातवर गेल्या. तिथले अधिकारी अत्यंत सभ्य होते. अभ्यासक्रम संपल्यावर परत कशासाठी येणार, असं त्यांनी विचारलं.

"आईसाठी," बाई म्हणाल्या.

"आईंची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत."

"मग त्यांना तुमची काय गरज?"

नवरा तिकडे असताना परत येण्याला कारण उरत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावून दिलं. नवरा असणं हा गुन्हा नाही. त्याची ओढ असणं हा मात्र अर्जातला दोष आहे. तो दूर करून दहा दिवसांत पुन्हा यावं.

घर कामाला लागलं. वकिलातीसमोर टेबल टाकून बसणाऱ्या सल्लागाराने आई आजारी हवी, असं सांगितलं. डॉक्टरांचा दाखला आईने चष्मा लावून वाचला आणि परत दिला. "गुडघेदुखीसाठी कोण सातासमुद्रापलीकडून येतं गं? काहीतरी हृदयाचं लिहायला सांग त्यांना." मावशीने शपथपत्र आपणहून दिलं. हे लग्न टिकणार नाही, असं तिचं पहिल्या दिवसापासूनचं मत होतं. कुणी विचारलं मात्र आत्ता. शेजाऱ्यांनी फोनवरच्या भांडणांच्या तारखा काढून दिल्या. एकूण एकोणीस. (बाईंना चारच आठवत होती, पण भिंतीपलीकडची नोंद अधिक विश्वासार्ह मानली जाते.)

शेवटचा कागद नवऱ्याचा. बायको आली काय, न आली काय, आपल्याला फरक पडत नाही, असं त्याने लिहून द्यायचं होतं. त्याने त्याच दिवशी पाठवलं. बाईंनी ते तीनदा वाचलं आणि फोन लावला.

"किती वेळ लागला लिहायला?"

"दहा मिनिटं."

"आणि चार नंबरच्या खिडकीसाठी लिहिलं होतंस ते?"

"तीन आठवडे. तूच दोनदा परत पाठवलंस की."

"दहा मिनिटांत फारच छान जमलंय," बाई म्हणाल्या. हे विसावं भांडण. त्याचीही तारीख अर्जाला जोडण्यात आली.

साडेपाच आठवड्यांत निकाल आला. 'अर्जदाराचा विवाह पुरेसा क्षीण असल्याबद्दल या कार्यालयाचे समाधान झाले आहे.' व्हिसा मंजूर. सातचा निकाल वाचून चारने आपल्याकडचा अर्ज त्याच दिवशी निकाली काढला : विवाह संशयास्पद, प्रेम असिद्ध. (सरकारी खात्यांत समन्वय नसतो, असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

पहिल्या तारखेला बाई वर्गात होत्या. राहतात वसतिगृहात, कारण नवऱ्याच्या घरी राहिल्यास क्षीणतेला बाधा येते. रविवारी दोघं बागेत भेटतात आणि फोटो काढत नाहीत. वर्ष संपताच त्या परत येतील. तसं सिद्धच झालेलं आहे.

पुढच्या अर्जदारांची धावपळ वाचावी म्हणून वकिलातीने क्षीण विवाहाचे निकष आता भिंतीवर लावले आहेत. सहा महिन्यांत दोघांचा एकत्र फोटो नसणे. फोन दीड मिनिटाच्या आत संपणे आणि त्यात दूध, चाव्या व गाडीचं पार्किंग याखेरीज विषय नसणे. एका खोलीत बसून दोघांनी दोन वेगळ्या पडद्यांकडे बघणे. जोडीदार चार दिवस बाहेरगावी गेल्यास घर मोठं वाटणे आणि झोप उत्तम लागणे.

यातला एकही निकष बाईंना खोट्या कागदांशिवाय पुरा करता आला नव्हता. तुमचं तसं नाही. तुम्ही फक्त पासपोर्ट शोधून ठेवा. बाकीचे पुरावे घरात तयार आहेत.