एक जून सोडून

शिंगाडे गुरुजी शाळेच्या जनरल रजिस्टरात "एक जून" लिहीत नाहीत. कुणी कितीही हातापाया पडलं तरी नाही.

यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या वडूजकडच्या खेड्यांत वर्षानुवर्षं हीच रीत होती. आई पोराला घेऊन शाळेत यायची, जन्मतारीख विचारली की पदर तोंडाला लावून हसायची. मग मास्तर पोराकडं एकदा वरून खाली बघायचे, सहा वर्षं मागं जायचे आणि एक जून ठोकून द्यायचे. शाळा जूनमध्येच उघडते, सोपं पडायचं. त्यामुळं निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलेलं आहे. त्या दिवशी मोबाईलवर केकचे इतके फोटो येतात की फोन गरम होतो.

आता बहुतेक पोरं दवाखान्यात जन्मतात आणि दाखला घेऊनच येतात. उरतात ती मेंढरांमागं फिरणाऱ्यांची आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची. कायदा सांगतो की सहा ते चौदा वयाचं कुठलंही मूल दाखला नाही म्हणून परत पाठवायचं नाही, आणि वयाप्रमाणं वर्गात बसवायचं. चांगलाच कायदा आहे. फक्त तो राबवायला आम्ही तीन शिक्षक आहोत आणि वर्ग सात आहेत. मी मूळची सांगलीची, बदली होऊन इथं आले त्याला तीन वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात असं एक पोरगं आलं. मी म्हटलं, "गुरुजी, टाका एक जून आणि सोडा."

"अंदाजानं घ्यायला ती काय मेथीची पेंडी हाय का, बाई?" गुरुजी म्हणाले आणि त्या पोराच्या आईसमोर मांडी घालून बसले.

मग जे सुरू झालं त्याला चौकशी म्हणावं की छळ, मला अजून ठरवता आलेलं नाही. "रानात तवा काय हुतं? ज्वारी पोटरीत का काढून झाल्याली? जत्रंच्या आधी का मागनं? गावचा लायटीचा डीपी जळाला त्याच्या अलीकडं का पलीकडं?" बाई बिचारी आठवून आठवून घामाघूम. शेवटी म्हणाली, "लय ऊन हुतं बगा."

"आवं, वडूजला ऊन कवा नसतं?"

त्यांच्याकडं एक जाड वही आहे. कुठल्या वर्षी पाऊस कधी पडला, कुठला पूल वाहून गेला, कुणाची म्हैस कधी व्याली, सगळं तारीखवार. एका घरात तर त्यांनी दोन चुलतभावांतला धाकटा थोरला ठरवला. त्या घरातून त्यांना आजतागायत चहा मिळालेला नाही. केंद्रप्रमुखांचा फोन यायचा, ऑनलाइन माहिती आजच्या आज भरा, आणि गुरुजींच्या वर्गाचा तारखेचा रकाना रिकामा. "तपास चालू हाय," असं पोलिसासारखं सांगायचे. आणि वही घेऊन घरोघर विचारत फिरायचे. तोवर त्यांची पोरं माझ्या वर्गात. अहो, मी माणूस आहे की कोंडवाडा!

गावातली माणसं सांगतात की हे वेड चार वर्षांचंच. त्याआधी गुरुजी तीस वर्षं इतरांसारखेच एक जून लिहीत होते. रिटायर व्हायला आले आणि डोकं फिरलं, असं सगळ्यांचं मत. माझंही तेच होतं.

यंदा मायाचं प्रकरण आलं. बिरा मेंढपाळाची पोरगी. जन्मापासून मेंढरांमागं, शाळेची पायरी कधी चढली नव्हती. दिवाळी झाली, कळप खालच्या मुलखात निघायची वेळ आली, तेव्हा तिच्या आईनं, सुलाबाईनं, तिला शाळेच्या दारात आणून उभं केलं. म्हणाली, "हिला ठिऊन घ्या गुरुजी. आजीपाशी ऱ्हाईल. मला अक्षर न्हाई, हिला तर येऊ दे."

मागून बिरा आला. तो आमच्यापेक्षा कायदा पक्का करून आलेला. "चौदापतूरच हाय न्हवं तुमचा कायदा? हिला सरली चौदा. कळप सांबाळायला मला मानूस न्हाई."

"कुटं सरली?" सुलाबाई म्हणाली. "अजून सरायची हायती."

नवराबायकोचं तिथंच जुंपलं. मी गुरुजींना बाजूला घेतलं. चौदाच्या आत एकदा नाव लागलं, की पुढं वय वाढलं तरी आठवी होईपर्यंत पोरीचा हक्क राहतो. नाव लागलं नाही, तर ती उद्या मेंढरांबरोबर गेली आणि वर्षभरात तिचं लग्न झालं असं समजायचं. म्हटलं, "एक वर्ष खाली घ्या, एक जून टाका. कोण बघतंय?"

"खोट्या तारखंवर पोरगी बसवली, तर उद्या बिरा खोटी म्हनून उठवंल."

सुलाबाईला वर्ष सांगता येईना. एवढंच आठवत होतं की मेंढरं फलटणच्या खाली एका बागायतदाराच्या रानात खतासाठी बसवलेली होती आणि त्या घरची वैनी बाळंतपणाला धावून आली होती. गुरुजींचे डोळे चमकले.

"बाई, रविवारी फलटनला जाऊ. बाळतपनाचं म्या कसं इचारू? तुमी पायजेच."

रविवार हा माझा धुणं धुवायचा वार. तरी गेले. दोन एसट्या बदलून, वर उसातून अर्धा तास चालून. चपलेचा अंगठा तुटला. गुरुजी पुढं वही काखेत मारून नवरदेवासारखे चाललेले. मनात म्हटलं, या माणसाबरोबर परत कुठं म्हणून जायचं नाही.

शालनताई नावाची ती बागायतदारीण मात्र झकास निघाली. मी विषय काढायचा अवकाश, तिनं मांडीवर थाप मारली. "आवं, इसरंन कशी? त्याच दिवशी आमचा संदीप मिल्ट्रीत गेला! म्या त्येच्या दशम्या बांधत हुते आन् रानातनं हाक आली. चुलीवरचा तवा तसाच टाकून पळाले. माज्या हातावर जल्मली ती पोरगी. इकडं दशम्या तशाच ऱ्हायल्या आन् संदीपला निरोप द्यायला बी मी नव्हते बगा." बोलता बोलता तिनं डोळे पुसले.

ट्रंकेच्या तळातून संदीपचं हजर व्हायचं पत्र निघालं. गुरुजींनी ते दोन्ही हातांत धरून वाचलं. "निगाला कवा? आदल्या दिशी? सकाळच्या गाडीनं का दुपारच्या?" मग बोटांवर हिशेब करत बसले. माया चौदाची व्हायला एकोणीस दिवस बाकी होते.

शालनताईनं तिथूनच बिराला फोन लावला. "बिरा, ती माज्या हातावरची हाय. तिला शाळंत घातली न्हाईस, तर औंदा मेंढरं माज्या रानात आनू नगंस."

सोमवारी नाव लागलं. "एकोनीस दिसांसाटी केवडा कुटाना केला गुरुजी तुमी," असं म्हणत बिरा कळप घेऊन गेला. माया वयानं आमच्या शेवटच्या वर्गात, सातवीत, आणि अक्षरानं पहिलीत. ते अक्षर शिकवायचं काम आलं माझ्याकडं, दुसरं कोण आहे? पण पोरगी अधाशासारखी शिकायची. दोन आठवड्यांत स्वतःचं नाव लिहायला लागली.

मायाला चौदा सरली त्या दिवशी गुरुजी बिस्किटांचा पुडा घेऊन आले. फळ्यावर मायाचं नाव लिहिलं, खाली तारीख लिहिली. म्हणाले, "ही तुजी. कुनी दिल्याली न्हाई, खरी." मायानं ती तारीख वहीत उतरवून घेतली. मग तिनं विचारलं, "गुरुजी, तुमचा वाडदिवस कवा असतूया?"

"एक जून!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. पोरं हसली.

"त्यो शाळंनं दिल्याला," गुरुजी म्हणाले.

"मंग खरा?"

गुरुजी फळा पुसायला वळले, पण पुसला नाही. "माज्या आईला ठावं हुतं. चार वर्सांमागं गेली. माज्याच घरात हुती, रोज माज्या ताटाला बसायची. आन् मी इचारलंच न्हाई. म्हनलं, इचारू कवातरी."

मी दारात उभी होते. गावाबरोबर मीही या माणसाला वेडा म्हटलं होतं, त्याची मला मनापासून लाज वाटली.

"मंग माजा घ्या की," माया म्हणाली. बाकावर सरकून जागा द्यावी तितक्या सहज. "आजचा. दोगांचा एकच."

गुरुजींनी खडू टेबलावर ठेवला. "बाई, जरा वर्ग बघा," म्हणाले आणि मागच्या नळावर गेले. खिडकीतून दिसत होतं. तोंड धुतलं, परत धुतलं, परत धुतलं. नळ चालूच होता.

पोरं पुड्याकडं बघत होती. मी तो फोडला. पहिली दोन बिस्किटं बाजूला काढली, एक मायाच्या हातावर ठेवलं आणि एक गुरुजींच्या टेबलावर. मग बाकीच्यांना वाटायला घेतली.