दीड फेरा ढिला

सुपडूनाना मान वर करत नाहीत. ओट्यावर गोणपाट टाकून बसलेले असतात, समोर कुणाच्या तरी मोटरसायकलचा कार्बोरेटर उघडा पडलेला असतो आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी वाजली की खाली मान घालूनच ओरडतात, “भिला वना!” वना म्हणजे आला. नाना मूळचे धुळ्याकडचे. जळगावात उभा जन्म गेला, पण बोली तीच. आणि दोन मिनिटांत खरोखर गल्लीतला भिला येतो. एकदाही चूक नाही!

मी नशिराबादच्या शाळेत शिकवतो, रोज मोटरसायकलने जातो-येतो. “मास्तर वना! साखळी ढिली शे!” हे माझं रोजचं स्वागत. एका संध्याकाळी नाना म्हणाले, “मास्तर वना. आज चिडेल शे.” त्या दिवशी माझं मुख्याध्यापकांशी कडाक्याचं भांडण झालं होतं. माझ्या बायकोला, शैलाला, पोहे खाऊन होईपर्यंत त्याचा पत्ता लागला नव्हता, आणि या माणसाला गल्लीच्या तोंडाशी कळलं! मी विचारलं तेव्हा म्हणाले, “दुसरा गिअर कसा टाका तू? त्यानी काय चूक करी?”

आता बोला!

नानांकडे गाडी दिली की गाडीवाल्याची तोंडी परीक्षा असते. नाना प्लग काढतात, आमच्या नाकासमोर धरतात आणि विचारतात, “सांग, रंग कसा शे?” काळा म्हटलं तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा म्हटलं तर कमी, बदामी म्हटलं तर पास. मी शाळेत पोरांना प्रश्न विचारून दमवतो आणि इथे ओट्यापुढे उभा राहून “बदामी, नाना, थोडा काळपट” अशी उत्तरं देतो. मग नाना डोळे मिटतात. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पूर्ण आत घेतात आणि तोंडाने मोजत बाहेर काढतात. अर्धा, एक, सव्वा, दीड. “दीड फेरा. तुनी गाडी दीड फेरावर गास.” आणि गाडी खरंच गाणं म्हटल्यासारखी चालू होते. डोळे मिटण्याचं हे नाटक आम्हा सगळ्यांना फार आवडायचं.

एकच पथ्य. नानांच्या फळीवरचा पाना जागचा हलवायचा नाही. एकदा मी दहाचा पाना बघायला म्हणून उचलला आणि बाराच्या जागी ठेवला, तर आठ दिवस माझ्या सात पिढ्यांचा उद्धार चालू होता. एवढं काय त्यात? पण म्हातारा माणूस, म्हटलं, चालायचंच.

नानांचा खरा वैरी म्हणजे इंजेक्शनवाली गाडी. आता नव्या गाड्यांना कार्बोरेटर येतच नाही, पेट्रोल इंजेक्शनने जातं, किती जायचं ते आतली चिप ठरवते. हे नानांना सांगायची सोय नाही. “इंजेक्शन? गाडी शे का पेशंट?” आणि मग गंभीर होऊन, “गाडीनी बोलाले जोयजे, मास्तर. कार्बोरेटरवाली माले सांगस, काय दुखस ते. ही कंपुटरले सांगस. माले नही.”

गल्लीतल्या ज्यांनी ज्यांनी तसल्या गाड्या घेतल्या, त्यांना नाना ओळखच देईनासे झाले. ते समोरून गेले तरी नाना आपले खाली मान घालून बसलेले. आम्ही म्हणायचो, नानांनी वाळीत टाकलं.

माझी गाडी म्हातारी झाली होती. सकाळी चोक ओढून वीस किका मारल्याशिवाय दाद देत नसे. शैलाने स्वच्छ सांगितलं, नवी घ्या, नाहीतर मी एसटीने जाईन, मला कुठेही सोडायला येऊ नका. नानांना कुणकुण लागली. लगेच म्हणाले, “नवी कसाले? धुयाले मना वळखीना माणूस शे. एकहाती गाडी. कार्बोरेटर असा की चाटी घे.” आणि एका रविवारी मला एसटीत घालून धुळ्याला घेऊन गेले.

धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यापासून नानांनी माझं कोपर जे धरलं ते सोडलंच नाही. मला हसू येत होतं. मी हातातून निसटून शोरूममध्ये पळेन अशी भीती वाटते की काय यांना? चहाच्या टपरीवर बसलो तरी कोपर धरलेलंच. तेवढ्यात रस्त्यावरून एक लाल मोटरसायकल गेली आणि पुढच्याच गतिरोधकापाशी हळू झाली. नाना बशी टाकून उभे राहिले.

“धर त्याले! ती आपला भिलानी गाडी शे!”

भिलाची गाडी पावसाळ्याआधी चोरीला गेली होती. ती होती काळी. मी म्हटलं, “नाना, ही लाल आहे.” नाना माझ्या अंगावर खेकसले, “रंग कोन इचारस? तिसरा गिअरले खोकस ती!” मग काय, मी मास्तर माणूस, पन्नाशीला आलेलो, भर धुळ्यात “चोर चोर” करत पळालो! लोकांनी गाडीवाल्याला धरला. पोलीस आले. नंबर वेगळा, रंग वेगळा, कागद दाखवतो म्हणून तो माणूस आमच्यावरच उलटला. उद्या शाळेत काय तोंड दाखवू?

नाना शांतपणे म्हणाले, “साहेब, कार्बोरेटरनी खालनी वाटी पाहा. तीन स्क्रू पितळी शेतस, एक लोखंडी. तो लोखंडी मी लायेल शे.”

हवालदाराने वाकून पाहिलं. तीन पितळी, एक लोखंडी. तो हवालदार नानांच्या पाया पडायचाच बाकी राहिला. जबाब लिहिण्यात दिवस गेला, गाडी बघायची राहूनच गेली. परतीच्या एसटीत मी नानांना शब्द दिला, पुढच्या रविवारी येऊ आणि तीच गाडी घेऊ. नाना खिडकीशी बसून पोरासारखे हसत होते. माझं कोपर तेव्हाही त्यांच्या हातात होतं.

शब्द मोडला. मीच मोडला. गुरुवारी माझी गाडी ऐन हायवेवर बंद पडली, मागे ट्रकांची रांग लागली आणि माझ्याच वर्गातली पोरं “सर, धक्का देऊ?” म्हणत भोवती जमली. मी तसाच रिक्षाने शोरूममध्ये गेलो, नवी ठरवली, जुनी दोन दिवस कशीबशी रेटली आणि शनिवारी ती तिथेच देऊन इंजेक्शनवाली गाडी घेऊन बाहेर पडलो. बटण दाबलं की चालू. मांजराच्या पावलांनी चालते, आपण बसलोय हे आपल्यालाच कळत नाही.

घरी जाताना मात्र एकच विचार. नानांना काय सांगू? पेढ्यांचा पुडा घेतला होता. शिव्या खायची तयारी होती, वाळीत पडायचीही होती. गल्लीत शिरलो. नाना ओट्यावर होते. ओरडले नाहीत. अगदी ओट्यापुढे येऊन मी गाडी बंद केली आणि पुडा पुढे करून हसत उभा राहिलो. म्हटलं, आधी त्यांना बोलू द्यावं.

नानांनी मान वर केली. चेहरा माझ्याकडे, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे.

“कोण भाऊ? कोणाकडे जायचंय?”

एकदम शुद्ध मराठीत. परक्या माणसाशी बोलावं तसं. मला वाटलं, झालं! वाळीत टाकलं मला! इतका राग? मी काही बोललो नाही. मलाही थोडा रागच आला होता.

“मास्तरांकडे का?” नाना म्हणाले. “बसा ना. त्यांची यायची वेळ झालीय. मला त्यांची गाडी ऐकू येते, आली की सांगतो.” आणि बसायला जागा दाखवण्यासाठी त्यांनी हात पुढे केला तो पेढ्यांच्या पुड्यावर आपटला. पुडा खाली पडला. पेढे ओट्यावर घरंगळले आणि नाना ते चाचपडत शोधू लागले. एक पेढा त्यांच्या गुडघ्याला चिकटून होता. तो त्यांना सापडत नव्हता.

पंधरा वर्षांचा शेजार! रोज येता-जाता पाहिलेला माणूस. प्लगचा रंग, मिटलेले डोळे, जागचा न हलवायचा पाना, धुळ्यात धरलेलं कोपर. सगळं डोळ्यांपुढे होतं आणि स्वतःला मास्तर म्हणवणाऱ्या या गाढवाला दिसलं नाही. आम्ही त्याला नाटक म्हणत होतो. माझीच मला शरम वाटली.

“नाना,” मी म्हटलं, “मीच आहे.”

नानांचा हात थांबला. मग हळूच म्हणाले, “इंजेक्शन?”

“हो.”

मग मीच विचारलं, “कधीपासून दिसत नाही, नाना?”

“धुकं शे. दोन वरीस व्हयनं. आते दाट व्हयनं.” मग एकदम माझा हात धरून, “कोनले सांगू नको, मास्तर. पोराले समजनं तर तो माले सुरतले ली जाई. चांगला शे पोरगा. पण तठे मना वळखीनी एक बी गाडी नही रे.”

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही, कारण लपवायचं कुणापासून?

सोमवारी रजा टाकून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. गेलं ते येणार नाही, उरलंय ते टिकवायला थेंब घाला, असं म्हणाले. ओट्याशी आल्यावर नाना म्हणाले, “आन ती तुनी पेशंट.”

मी गाडी पुढे आणली. त्यांनी टाकीवर हात फिरवला, इंजिनाला कान लावला, तोंड वाकडं केलं. मग फळीकडे हात नेला, न चाचपडता दहाचा पाना काढला आणि मागच्या साडीगार्डचा बोल्ट फिरवला. अर्धा, एक, सव्वा, दीड. नवी कोरी गाडी! आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांची खडखड घालवणाऱ्या माणसाने माझ्या गाडीत खडखड घातली.

“पडाव नही,” म्हणाले. “फक्त वाजी. आते माले समजी.”

शैला कटकट करते, नव्या गाडीला हा कसला आवाज? मी म्हणतो, कंपनीचाच आहे.

परवा पहिली सर्व्हिसिंग झाली. शोरूमचा मेकॅनिक मोठ्या अभिमानाने म्हणाला, “सर, साडीगार्ड ढिलं होतं, टाईट करून दिलं.” मी बरं म्हणून निघालो. गल्लीच्या तोंडाशी आलो तर लांबूनच नाना दिसले. मान वर करून बसले होते. हातातलं काम बाजूला ठेवलेलं, तोंड रस्त्याकडे. माझी वेळ टळून गेली होती ना.

मी तिथेच गाडी उभी केली. पाना आता मीही पिशवीत ठेवतो. रस्त्यात उकिडवा बसलो आणि मोजून दीड फेरा ढिला केला. मग परत गाडीवर बसलो आणि मुद्दाम खड्ड्यातून गाडी घातली.

नानांची मान खाली गेली. हात कामाला लागले.

“मास्तर वना!”