नानांनी रुमाल काढला

"अगं, तू फक्त गळा सांभाळ! बाकी सगळं माझ्यावर सोड!" असं नानांनी छातीवर हात मारून सांगितलं, तिथेच त्यांच्या बायकोने सावध व्हायला हवं होतं.

नाना म्हणजे पालिकेच्या सांस्कृतिक विभागाचे हेडक्लार्क. उन्हाळाभर दर शनिवारी बाजार चौकात मैफल व्हायची. मंच, खुर्च्या, दिवे, सगळं पालिकेचं. पुढच्या शनिवारी गाणार होती खुद्द नानांची बायको. लग्नानंतर सव्वीस वर्षांनी पहिल्यांदा मंचावर! दोन महिने घरात तिखट बंद आणि रियाज सुरू. पण घोडं एका ठिकाणी अडत होतं. लोक यायचे, ऐकायचे, टाळी मात्र वाजवायचे नाहीत. आणि त्याच्या आधीच्या, म्हणजे या शनिवारी नगराध्यक्ष स्वतः येणार होते, मैफली चालू ठेवायच्या की नाही ते ठरवायला.

नानांनी पालिकेचे साठ कर्मचारी श्रोत्यांमध्ये पेरले. "गाण्यातलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही, तेव्हा डोकं चालवू नका! मी पहिल्या रांगेत बसतो. मी रुमाल काढला की टाळ्या. काय?"

"रुमाल काढला की टाळ्या," शिपाई म्हणाला. हा शिपाई फार इमानी माणूस. एकदा सांगितलेलं जन्मात विसरायचा नाही.

नानांनी सगळ्याचा विचार केला होता. उन्हाळ्याचा तेवढा राहिला!

शनिवार आला. मंचावर व्हायोलिनवाले तारा जुळवू लागले. नानांच्या मानेवरून घाम ओघळला. त्यांनी सवयीने रुमाल काढला. टाळ्यांचा कडकडाट! व्हायोलिनवाले दचकून उठले, नमस्कार केला आणि पुन्हा तारा पिळायला बसले.

"अहो, अजून सुरू झालं नाही!" नाना मागे वळून दबक्या आवाजात ओरडले. ओरडताना रुमाल हलला. साठच्या साठ जण उभे राहून टाळ्या!

"वा! काय रसिक शहर आहे हो!" नगराध्यक्ष म्हणाले. नानांनी रुमाल खिशात कोंबला आणि पुढचा तासभर घाम नाकावरून गळू दिला. व्हायोलिनवाल्यांनी जीव ओतून वाजवलं. त्याला एकही टाळी नाही.

शेवटी नगराध्यक्ष भाषणाला उभे राहिले. "खरं सांगू? या मैफली आता बंद कराव्यात असं माझ्या मनात होतं..."

बंद? आणि बायकोचा शनिवार? नानांना दरदरून घाम फुटला. हात खिशात कधी गेला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

सगळा चौक दणाणला! नगराध्यक्षांच्या ओठांवर 'पण' आलेलं पहिल्या रांगेतून नानांना स्पष्ट दिसलं. ऐकू मात्र कुणालाच आलं नाही. "थांबा! थांबा!" म्हणत नानांनी दोन्ही हात हलवले. एका हातात रुमाल होता.

टाळ्या ओसरल्या तेव्हा नगराध्यक्ष गहिवरले होते. "जनतेचीच एवढी इच्छा असेल, तर मी कोण? मैफली बंद!"

नाना घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बायको दारातच उभी. डोळे लाल.

"लोकांनी म्हणे टाळ्या वाजवून बंद करवलं! कोण होते हो ते मेले?"

"मला काय माहीत!" नाना म्हणाले आणि कपाळ पुसायला त्यांनी रुमाल काढला.

फायलींची पिशवी घेऊन मागे उभ्या असलेल्या शिपायाने ती खाली ठेवली आणि एकट्यानेच, अगदी मनापासून टाळ्या वाजवल्या.